याकोब ओसरीवर

१४ जाने. ७३, रवि.
पाद्रींनी आज वैऱ्यावर प्रीती करा हेच घेतलं. अख्खी वाडी माना वळवून माझ्याकडं बघत होती. मीपण बघितलं. ज्यांची पोरं घरी जेवायला हायेत त्यांनी खुशाल माना डोलवाव्या.
माझा योहान गेला त्यावर एकच नाताळ झाला. विहीर खोल करायला सुरुंग भरले होते. माझा दीर याकोब वर उभा. बार मोजायचं काम त्याचं. शेवटचा फुटलाच न्हाई. दरड पडल्याचा आवाज त्यानं बार म्हणून धरला, अन् माझ्या पोराला खाली सोडलं.

१९ जाने.
याकोब आजारी. बायको माहेरी निघून गेली. वाडीत कोण पाणी देत न्हाई. हे म्हणाले, घरी आणतो. म्हणलं, आणा, मी विहिरीत जीव देते. म्हणाले, तिच्यात पाणी कुठाय? बोलून गेले, मग भिंतीकडं तोंड करून बसले.

२२ जाने.
आणलाच. गाडीत घालून. ओसरीवर टाकलाय.
भाकरी दोघांपुरत्याच केल्या. ह्यांनी आपली मोडून अर्धी त्याला दिली. दिवसभर ह्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडायची, उपाशी माणूस घण काय उचलणार? उद्या ह्यांना दीड वाढावी तर ती वरची अर्धी कुणाकडं जाणार ते मला ठावं हाय.
दीडच वाढीन. दुसरं काय करू.

२५ जाने.
शेजारच्या मळ्यातली गंगूबाई आली. "मार्थे, ज्यानं पोर खाल्लं त्यालाच खाऊ घालती? आमच्यात गावाच्या शिवंत येऊ दिला नसता. तुमचा देव डोक्यावर पडलाय का काय?"
मी पण आठ दिस हेच म्हणते. तरी तिच्या तोंडून ऐकून डोकं फिरलं. "आमचा देव आमी बघून घेऊ. तू आधी तुझी शेळी आवर, माझा शेवगा खाल्ला तिनं."

२८ जाने., रवि.
पाद्री घरी आले. पुढच्या रविवारी प्रभुभोजन, भाकर अन् द्राक्षरसाचा प्याला. त्याआधी भांडलेल्यांनी सगळ्यांदेखत हात धरायचा, न्हाई तर प्याला मिळायचा न्हाई.
"मार्थाबाई, देवानंही आपला एकुलता एक पुत्र दिला."
"दिला, अन् तिसऱ्या दिवशी परत घेतला. माझा द्या आणून, दोन्ही हात धरते."
चहा न पिताच गेले. गुळाचा केला होता. वाया कशाला, म्हणून याकोबापुढं ठेवला.

४ फेब्रु., रवि.
हे त्याला धरून पाद्रींच्या देवळात घेऊन आले. सगळ्यांसमोर त्यानं हात पुढं केला. "वयनी." एवढंच.
माझा हात पदराखालून निघंना. काढला असता तर निघाला असता. न्हाई काढला.
प्याला माझ्यापुढनं गेला. मग त्याच्यापाशी आला, तर म्हणतो, "वयनी न्हाई तर मीबी न्हाई." मुस्काटात मारावं वाटलं. माझ्या पापाला ह्याची सोबत कशाला?


६ फेब्रु.
याकोबाचा ताप लई वाढला. हे खडीवर गेलेले. दुपारी मी भाकऱ्या थापत होते तर ओसरीवरनं ओरडला, "योहान, वर ये रं! एक बार ऱ्हायलाय! वर ये!"
हातातलं पीठ तसंच. बाहेर आले.
म्हणजे त्याला कळलं होतं का? हाक मारली होती का तेव्हा? का तेव्हा मारायची राहिली ती आता तापात मारतोय? त्या दिवशी विहिरीवर तिसरं कोण नव्हतं.
खांदा धरून हलवला. "याकोबा, खरं सांग. मारली हुतीस का हाक?" डोळे उघडे, पण मी दिसत न्हाई त्याला. पुन्हा तेच. वर ये, वर ये.
कपाळावर ओली चिंधी ठेवली. पाणी पाजलं, अर्धं सांडलं.
ताप उतरला तर विचारीन. उतरू दे म्हणून तिथंच प्रार्थना केली. विचारायचंय म्हणून केली.