मंदाच्या फ्रॉकचा घेर

प्रिय आक्का,

आज सकाळी मी खोटं बोलले. आई, आबा आणि तुझ्या सासूबाईंच्या देखत, आणि तेही तुझ्याबद्दल. त्यांची यष्टी जाऊन तास झाला नसेल. तुझ्यापाशी कबूल केल्याशिवाय मला घास गिळवणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तू गेलीस तेव्हा तुझी मंदा चार महिन्यांची होती. तापातही तू तिचा वाढदिवसाचा क्रोशाचा फ्रॉक विणत होतीस. अंग झालं, बाह्या झाल्या, घेर अर्ध्यावर राहिला. सुई दोऱ्यातच अडकलेली होती. आई तो तुझ्या लुगड्यांबरोबर कऱ्हेच्या पात्रात सोडायला निघाली. "तिचं अर्धं राहिलंय. पोरीच्या अंगाला लागाया नको."

मी तो तिच्या हातातून हिसकावला. आबा ओरडले. मी म्हटलं, "हे सूत आहे, आबा! सूत कुणाला मागं ओढून नेत नाही!" घरातली पहिली बी. ए. ना मी!

आणि मग सात महिने तो ट्रंकेत ठेवला. हिसकावताना एवढा जोर होता, विणताना कुठं गेला गं?

आठ दिवसांपूर्वी कळंबहून, तुझ्या सासरहून, निरोप आला, वाढदिवसाआधी मंदाला न्यायला येतो. तेव्हा कुठं ट्रंक उघडली. दोन ओळी घातल्या आणि उजेडात धरून पाहिल्या. तुझे विणीचे उभे खांब एका अंगाला झुकलेले, माझे दुसऱ्या! तू डावखुरी. शाळेत मास्तरांनी छडीनं तुझा हात बदलला, भाकरीही तू उजव्यानंच थापायचीस. सुई हातात आली की मात्र डावा. हे मी कशी विसरले?

उसवायला दोरा ओढला, तो ओढतच गेले. माझ्या दोन ओळींमागून तुझीही एक ओळ सुटून आली. तुझ्या हातचे वळसे त्या दोऱ्यात अजून होते. मी तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले. क्षमा कर, आक्का.

मग डाव्या हातानं शिकले. पिंपळीहून बारामतीला शाळेत शिकवायला जाताना यष्टीत, शाळेच्या मधल्या सुट्टीत. बरोबरच्या बाई हसायच्या, "शालूताई, उजवा हात कुणाला देऊन आलात?" झुकाव तुझ्यासारखा जमला. घट्टपणा काही जमला नाही.

आई नुसती बघायची. काल म्हणाली, "सगळंच उसव आन् नव्यानं कर. त्यांनी इचारलं तर काय सांगशील?"

"खरं सांगेन."

"तू खरं सांगशील, आन् फ्रॉक हितंच राहील."

मी उसवला नाही. तुझा आणखी एकही टाका माझ्या हातून सुटणार नव्हता. शेवटची गाठ आज सकाळी मारली, तेव्हा तुझ्या सासूबाई अंगणात पाय धूत होत्या.

त्यांनी मंदाला मांडीवर घेतलं आणि फ्रॉक उचलला. "ह्यो कुणी इणला?"

त्यांचं बोट घेरावरून खाली खाली सरकत आलं आणि थांबलं. बरोबर तिथं, जिथं तुझी घट्ट वीण संपते आणि माझी सैल सुरू होते.

"आमच्या सुनंचं कायतरी अर्धं राहिलं हुतं म्हनं. तसलं मी न्हेणार न्हाय, पोरी. एक मानूस गेलंय माझ्या घरातलं."

आठ दिवस मी भाषण तयार करत होते, आक्का. अंधश्रद्धा, शिक्षण, सगळं! पण त्यांनी दुसऱ्या हातानं मंदाला छातीशी गच्च धरलं होतं. रागानं नव्हे, भीतीनं. भाषण कुठल्या कुठं गेलं.

"मी विणलाय."

"सगळा?"

बोट अजून तिथंच होतं. आईनं पदर तोंडाला लावला.

"सगळा."

त्यांनी घेरावरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, "मंग मावशीच्या हातचा हाय! घाला की." आणि मंदाचे हात त्यांनी स्वतःच बाह्यांत घातले. मंदा लगेच घेर तोंडात घालून चोखायला लागली. आबा हसले, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

यष्टीत चढताना सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या. "वरची वीण लई घट्ट हाय गं. कळंबलाबी ती असंच इणायची. ओसरीवर बसून."

म्हणजे त्यांनी ओळखलं होतं; मी एकटीच खोटं बोलले नाही. तरी चारचौघांत तुझं काम माझं म्हणून मिरवलं, ते माझ्याच तोंडानं.

मंदाला समजायला लागलं की मी कळंबला जाईन. तिचा हात धरून तिच्या बोटानं दाखवीन: इथपर्यंत तुझी आई, इथून खाली मी. तिच्या आजीसमोर सांगेन, आणि आजीही तेव्हा नको म्हणणार नाहीत. हा माझा शब्द, आक्का. हा मी मोडणार नाही.

तुझीच,
शालू