मागच्या बाकावरचा लेफ्टनंट

६ सप्टेंबर १९९३, सोमवार

फिलोला खुर्ची मिळाली! तालमीच्या शेडमध्ये सगळे चटयांवर नाहीतर खोक्यांवर बसलेले, आणि फिलोमेनला मात्र पाठीची वेताची खुर्ची. ल्युसियन मास्तरांनी स्वतः उचलून आणली. म्हणाले, नाटक तुमचंच आहे, मादाम. मला शिवणयंत्र. तेही दाराशी, उजेड येतो म्हणून.

महायुद्धात अमेरिकन सैन्य आमच्या सान्तो बेटावर होतं त्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून हे संगीत नाटक. मळ्यावरच्या टोंकिनी, म्हणजे व्हिएतनामहून आणलेल्या, मजुराची मुलगी आणि गोरा लेफ्टनंट. ती मुलगी म्हणजे माझी मावसबहीण फिलो— लुगानव्हिलमध्ये कोणालाही विचारा. मास्तर नूमेआहून आले, तीन दिवस तिच्या ओसरीवर बसले, तिनं तळलेले नेमचे रोल खाल्ले आणि सगळी गोष्ट लिहून घेतली.

मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? मी तेव्हा कपडे धूत होते.

९ सप्टेंबर, गुरुवार

फिलोची भूमिका लेइमास करणार आहे. टोंगोआ बेटाची पोरगी, बाजारात रताळी विकते. गळा असा की शेडचा पत्रासुद्धा गप्प होतो. फिलोनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मास्तरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मी एवढी काळी नव्हते."

लेइमास हसली. "मग दिवे घालवून गाते, आजी. कोणाला कळणार नाही."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसले, फिलोनं पाहिलं.

लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये फ्रेंच मुलींच्या खाटा आत होत्या, मच्छरदाणी लावलेल्या. आम्हा टोंकिनी मुलींच्या चटया व्हरांड्यात. डास चावले की फिलो माझं पांघरूण ओढून घ्यायची. हे ती साफ विसरली. देवळातला बाक तेवढा विसरली नाही, कारण नाटकात त्या बाकावर तिचं गाणं आहे.

१३ सप्टेंबर, सोमवार

आज बाकाचा प्रवेश बसवला.

मिशनच्या देवळात पुढे मळेवाल्यांच्या खुर्च्या, मध्ये अमेरिकन अधिकारी, आणि सगळ्यात मागे, दाराच्या वाऱ्यात, आमचा बाक. त्या रविवारी लेफ्टनंट कॉइल उशिरा आला. पुढे गेला नाही. टोपी काढली आणि मागच्या बाकावर फिलोच्या शेजारी येऊन बसला. टोंकिनी मजुरांमध्ये, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात! एका मळेवाल्याची बायको उठून बाहेर निघून गेली. मिस्सेची प्रार्थना संपायच्या आधी तो फिलोच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. चार दिवसांत त्याला उत्तरेकडच्या जहाजावर चढवलं. मळेवाल्यांनी तक्रार केली म्हणून, असं लोक म्हणतात. पुढे काहीच कळलं नाही.

तो काय बोलला, हे फिलोनं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मास्तरांनी फार गळ घातली. "ते माझ्याबरोबरच जाईल," असं म्हणून तिनं डोळे मिटले. मास्तरांनी मग त्या जागी स्वतःचं गाणं घातलं.

मी त्या मिस्सेला नव्हते. ताप आलाय, असं आईला सांगितलं होतं.

१४ सप्टेंबर, मंगळवार

चार कडवी! एका वाक्याची चार कडवी!

१८ सप्टेंबर, शनिवार

सरकारी सुट्टी नाही, काही नाही, तरी तालीम बंद. मास्तरांचा घसा बसलाय. मी घरी बसून नाटकातल्या अधिकाऱ्यांच्या सदऱ्यांना कॉलर लावत होते. हात चालू असले की डोकं नको तिथे जातं.

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे?

आई कॅम्पची धुणी घ्यायची. पेट्रोलच्या पिंपात साठ-साठ सदरे उकळायचे. एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कॉलरच्या आत रंगीत दोऱ्यानं आकडा टाकायचा. ते काम माझं. पण आकडे घालायला माझा हात धजत नसे. मळ्यावर बाबांना कोणी नावानं हाक मारत नव्हतं— ते चारशे बारा होते, गळ्यात पत्र्याची चकती. म्हणून मी कोणाला पान काढायची, कोणाला मासा. लेफ्टनंट कॉइलला निळा पक्षी. दर धुण्याला एक टाका वाढवायची. आज चोच, पुढच्या आठवड्यात पंख. सात महिन्यांत तो पक्षी उडायला आला होता.

टोपली घेऊन कॅम्पवर जायची फिलो. ती दिसायला उजवी, बोलायला धीट. त्याला शाळेतलं मोडकं फ्रेंच यायचं. मी कुंपणापर्यंत मागे जायची आणि तिथेच थांबायची. त्याचं हसणं ऐकू यायचं. काय झालं हसायला, हे परत येताना मी विचारायची. ती म्हणायची, तुला नाही कळणार.

एका शुक्रवारी पिंपात टाकण्याआधी त्याच्या सदऱ्याचा खिसा चाचपला, तर घडी घातलेला कागद. वर नाव नाही. निळ्या दोऱ्यानं बांधलेला.

तो फिलोसाठी होता. दुसऱ्या कोणासाठी असणार?

मी तो तिला दिला नाही. उघडलाही नाही. दुसऱ्याचं पत्र उघडणं पाप, असं सिस्टर युलालीनं शिकवलं होतं. लपवणं पाप की नाही, ते तिनं सांगितलं नव्हतं! पण खरं सांगायचं तर आत फिलोचं नाव असणार, आणि ते त्याच्या अक्षरात मला बघवलं नसतं. आजही बघवणार नाही. त्या रविवारी मिस्सेला गेले असते तर प्रसाद घ्यायला उठावं लागलं असतं— असं पाप पोटात घेऊन? म्हणून ताप.

कागद माझ्या प्रार्थनापुस्तकात आहे. पन्नास वर्षं. हेन्रीशी लग्न झालं त्या दिवशीही ते पुस्तक माझ्या हातात होतं. बिचारा हेन्री.

२२ सप्टेंबर, बुधवार

शेवटचा प्रवेश आज पहिल्यांदा पाहिला. लेफ्टनंट धक्क्यावर उभा राहून गातो की त्याच्या गावात सावळी बायको नेली तर लोक हसतील, त्याला लाज वाटते, त्यानं विसरून जायचं ठरवलंय. मग टोपी घालून चालता होतो.

मास्तरांनी फिलोकडे पाहिलं. तिनं मान हलवली. म्हणाली, "भित्राच होता तो."

सुई माझ्या बोटातून आरपार गेली. रक्त त्याच्याच सदऱ्यावर— म्हणजे त्याचं काम करणाऱ्या पोराच्या. मिठाच्या पाण्यानं निघालं.

भित्रा माणूस मागच्या बाकावर येऊन बसतो का?

२४ सप्टेंबर, शुक्रवार

कागद दिला तर सगळ्यांना कळेल की त्यानं शेवटपर्यंत लिहिलं, लाज वगैरे काही नव्हती. त्याच्यावरचा डाग जाईल. शनिवारी दोन तारखेला प्रयोगाला सगळं गाव येणार, अमेरिकेतून म्हातारे शिपाई येणार, आणि सगळ्यांसमोर तो भित्रा ठरणार. हे थांबवणं माझ्या एकटीच्या हातात आहे.

पण दिला तर फिलो किती चढून जाईल! खुर्चीऐवजी पालखीच आणावी लागेल. आत्ता निदान तो तिला सोडून गेलेला आहे. मग तो पुरा तिचा होईल.

सदुसष्टावं वर्ष लागेल मला डिसेंबरात. या वयात बायका गुडघ्यांसाठी प्रार्थना करतात.

२७ सप्टेंबर, सोमवार

हातानं आपसूक घोटाळा केला. लेफ्टनंटच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये निळा पक्षी काढून बसले. पूर्ण, पंखांसकट.

फिलो कपडे तपासायला आली. प्रत्येक शिवणीत खोट काढायची हे ठरलेलंच. कॉलर उलटली, पाहिली, आणि सदरा हळूच परत घडी करून ठेवला. खोट काढली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!

२९ सप्टेंबर, बुधवार

दिला.

तिच्या घरी गेले. ती पपया सोलत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: खिसा, कागद, ताप. वाटलं होतं ओरडेल, सुरी फेकून मारेल. तिनं हात पुसले, कागद घेतला, निळा दोरा बराच वेळ पाहिला आणि मला परत दिला.

"चष्मा सापडत नाही. तूच वाच."

चष्मा तिच्या डोक्यावर होता.

दोरा ओढताच तुटला. मी मोठ्यानं वाचायला लागले. तिचं नाव येईल म्हणून प्रत्येक शब्दाआधी श्वास धरत होते. पेन्सिलीची अक्षरं, व्याकरणाच्या चुका—

"टोपली आणणारी मुलगी म्हणते, पक्षी तीच काढते. पण परवा तिनं माझं बटण लावलं आणि तीनदा बोट टोचून घेतलं. तेव्हा पक्षी तुझा आहे, कुंपणाशी थांबणाऱ्या मुलीचा. मला तुझं नाव माहीत नाही. रविवारी मी तुमच्या बाकावर येऊन बसेन. पुढे बसायचा कंटाळा आलाय. शेजारी थोडी जागा ठेव."

एवढंच. खाली सही.

दुसऱ्यांदा वाचता आलं नाही. फिलो पपईच्या बिया पंच्यात गोळा करत राहिली. मी उठून आले. निरोपसुद्धा घेतला नाही.

३० सप्टेंबर, गुरुवार

आता मत्सर तरी कोणाचा करू? माझ्यासाठी ठेवलेल्या त्या हातभर जागेचा करते. पन्नास वर्षं फिलो माझ्या जागेवर बसली, आणि तिथून मीच उठले होते.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

मास्तर चिडलेत. फिलोनं शेवटचं गाणं काढायला लावलं, आदल्या दिवशी! म्हणाली, मी खोटं सांगितलं होतं, तो भित्रा नव्हता, एवढं लिहून घ्या. मग शेवट काय करू, मास्तरांनी विचारलं. बाक तसाच राहू द्या, म्हणाली, त्यावर कोणी बसू नका.

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मीही मशीनवरून मान वर केली नाही.

३ ऑक्टोबर, रविवार

काल प्रयोगाला वेताची खुर्ची रिकामी राहिली. फिलो मागे आली, माझ्या खोक्यावर, मला सरकवून. लेइमास चार कडवी गात होती आणि सगळी शेड रडत होती. फिलो माझ्या कानाशी वाकली. "त्यानं एवढंच विचारलं होतं, ओदिल: ती आली नाही का? आणि मी म्हटलं, कोण ती?"