पट्टेवाल्याची जागा

११ एप्रिल १९५७

मासा मेला. ह्यांनी काल किनाऱ्यावरच्या खडपातून आणलेला, निळसर, बोटभर. सकाळी टाकीत उताणा तरंगत होता. शेपटी कुरतडलेली. मी तो काढला, केळीच्या आळ्यात पुरला, हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं. हे म्हणाले, "पुन्हा त्या पट्टेवाल्यानंच!" मी विचारलं, "साखर किती?" लग्नाला दोन महिने झाले तरी ह्यांची साखर माझ्या लक्षात राहत नाही.

वाईट वाटायला हवं होतं का? माशाचं म्हणते. वाटलं नाही.

१२ एप्रिल

टाकीबद्दलच लिहिते, दुसरं लिहायला आहे काय! ओटीवर ठेवलीय. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी काच, दीड हात लांब. हे मुरुडच्या हायस्कुलात शास्त्र शिकवतात. मुंबईला मत्स्यालय बघून आले तेव्हापासून हे वेड. समुद्राच्या पाण्याच्या दोन घागरी रोज मीच आणते. सकाळ-संध्याकाळ टाकीतलंच पाणी तांब्यानं उचलून उंचावरून पुन्हा टाकीत ओतायचं. पन्नास वेळा. म्हणजे पाण्यात हवा मिसळते. पन्नास मोजता मोजता डोकं रिकामं होतं. घरातलं हे एकच काम मला आवडतं.

टाकीत एकच मासा टिकतो. काळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा. राही त्याला पट्टेवाला म्हणते, कारण शाळेतल्या शिपायासारखा दारात उभा असतो. मधल्या दगडांची कपार म्हणजे त्याचं ठाणं. नवा कुणी आला की गेलाच अंगावर. हा मासा सत्यवतीबाईंनी ओहोटीच्या डबक्यातून ओंजळीत धरून घरापर्यंत आणला होता म्हणे. सत्यवतीबाई म्हणजे राहीची आई. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. मला पालीच्या मामांनी दुसरेपणावर दिली. राही नऊ वर्षांची.

१५ एप्रिल

राही मनगटाला चावली. टाकीसमोरच्या पाटावर मी टेकले होते. "ऊठ! ती आईची जागा आहे!" मी उठेपर्यंतसुद्धा ती थांबली नाही. हे शाळेत होते. हळद दाबली. राग येईल म्हणून बराच वेळ वाट पाहिली. आला नाही. मग तांदूळ निवडले.

१६ एप्रिल

माझ्या हातचं आजही खाल्लं नाही. शेजारी वेणूबाईंकडे जेवून आली.

२२ एप्रिल

ह्यांनी टाकीच्या मधोमध काच उभी बसवली आहे. अलीकडे पट्टेवाला, पलीकडे दोन नवे मासे. म्हणाले, "एकमेकांना रोज बघतील, मग सवय होईल." पट्टेवाला दिवसभर काचेवर तोंड आपटतो.

मी चुलीपुढून राहीला बघते, ती ओटीवरून मला. आम्हाला तर काही सवय झाली नाही.

ह्या घरातल्या एकूण एक भांड्यावर 'सौ. सत्यवती' कोरलेलं आहे. घासताना अक्षरं बोटांना लागतात. माझ्या लग्नातली भांडी अजून पेटीत. परवा एक पातेलं काढून फळीवर ठेवलं. राहीनं ते उचलून अंगणात फेकलं. "ही आमची फळी आहे!" पोचा आला. पातेलं पुन्हा पेटीत ठेवलं.

२७ एप्रिल

काच काढली. अर्धा तासही झाला नाही, एका नव्या माशाचा डोळा गेला! हे ओरडले, "अरे, काय करायचं तुझं!" राहीवर कधी आवाज चढवत नाहीत. माशावर चढवला. घाईघाईनं काच परत बसवली.

ठमी कोळीण मासळी घेऊन आली होती. टोपली टेकवून मजा बघत होती. म्हणाली, "मास्तर, आमचा कोंबडा असा भांडखोर झाला का आमी त्याला आठ दिस डालग्याखाली कोंडतो. तवर नव्या कोंबड्या अंगनात रुळतात. मंग सोडला का मुकाट ऱ्हातो. त्याला वाटतं, आपुनच पावना हाय."

हे तिच्याकडे बघतच राहिले. एवढं शिकून हे सुचलं नाही म्हणाले!

जाता जाता तिनं माझं मनगट धरलं. "ह्ये काय गो बाय?"

"विळी लागली."

"विळीला दात कवाशी आलं?"

मी हसले असते. तोंडाचे स्नायू हललेच नाहीत.

२८ एप्रिल

पट्टेवाला मातीच्या कुंडीत. कुंडी पडवीत, वर ओलं गोणपाट. मधली काच ह्यांनी काढली, टाकीतले सगळे दगड बाहेर काढून नव्यानं लावले. जुनी कपार मोडली. म्हणाले, "परत येईल तेव्हा त्याला ओळखीचं काही दिसता कामा नये. जागा आपली वाटली नाही की भांडायचं कशासाठी?" वर्गात शिकवतात तशा आवाजात बोलत होते.

राही रडली. "त्याचं घर का मोडता, बाबा?" दिवसभर कुंडीपाशी बसून होती. मी गोणपाटावर पाणी मारायला गेले तर सरकली नाही. पाणी तिच्या परकरावर उडालं. तरी नाही.

१ मे

शाळेला सुट्टी लागली. मीच विषय काढला. "राहीला आठ दिवस म्हसळ्याला आजीकडे ठेवून या."

हे जेवत होते. मान वर न करता "बरं" म्हणाले.

मे महिन्यात सगळीच मुलं आजोळी जातात. त्यात काय एवढं? बोलताना माझा आवाजसुद्धा बदलला नाही.

३ मे

हे राहीला घेऊन गेले. राजपुरीहून होडीनं दिघी, पुढे एस.टी. निघताना राही अंगणातून परत आली. मला वाटलं, काही विसरली. म्हणाली, "पट्टेवाल्याला जवळा धुऊन घाल. खारट आवडत नाही त्याला." समुद्रातल्या माशाला! पण लग्नापासून माझ्याशी भांडणाशिवाय बोललेलं हे पहिलंच.

६ मे

आठ दिवस भरले. पट्टेवाल्याला आज टाकीत सोडला. आधीच्या जागेवर गेला. तिथे कपार नाही. दुसऱ्या बाजूला गेला. तीन-चार फेऱ्या मारल्या आणि खाली कोपऱ्यात जाऊन थांबला. नवे दोघे मधोमध हिंडत होते, त्यातला एक काणा. ह्यानं कुणाला टोचलं नाही.

"जमलं!" हे टाळी वाजवून म्हणाले. वेणूबाईंना बोलावून दाखवलं.

८ मे

घर लावायला काढलं. सत्यवतीबाईंची भांडी माळ्यावर. माझी फळीवर, पोचा आलेलं पातेलंसुद्धा. टाकीसमोरचा पाट आत नेला. राहीची वळकटी ओटीवर असते, ती माजघरात कणगीमागे ठेवली. तिच्या शिंपल्यांचा डबा वेणूबाईंच्या नातीला दिला. हे दारात उभे राहून बघत होते. "अगं, जरा जास्तच—" म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

कमरेत उसण भरली. बाकी काही वाटलं नाही.

१२ मे

म्हसळ्याहून पत्र. 'पोरगी घरी जायचं म्हणते, कधी येता न्यायला?' मी ह्यांना म्हटलं, राहू दे आणखी थोडे दिवस. आंबे आहेत तिथं.

ह्यांनी तसं कळवलं.

१३ मे

घर शांत. पन्नास तांबे सकाळी, पन्नास संध्याकाळी.

१९ मे

पट्टेवाल्याचे पट्टे फिके पडलेत. जवळा टाकला की आधी नवे दोघे खातात, हा उरलेलं उचलायला येतो. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "रुळेल." मी एकदा काडीनं जवळा त्याच्या कोपऱ्यापर्यंत ढकलला. तो घाबरून दगडामागे गेला. काणा येऊन खाऊन गेला.

२१ मे

आणखी एक पत्र. उघडलं नाही, ह्यांच्या टेबलावर ठेवलं. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "रविवारी आणतो तिला." मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

२६ मे

राही आली. वाळली आहे. पाय धुऊन उंबऱ्यापाशी थांबली. ओटी बघितली, फळी बघितली. आता ओरडेल, चावेल म्हणून मी तयार होते. हात पुढे करूनच उभी होते म्हणा ना! तिनं पिशवी पोटाशी धरली आणि हळूच विचारलं, "मी कुठे बसू?"

मी सात वर्षांची होते. आई-वडील एकाच पंधरवड्यात गेले. पालीला मामांच्या दारात उभी राहून मी मामींना हेच विचारलं होतं, ह्याच शब्दांत. मामींनी बोट करून कोपरा दाखवला होता.

बघितलं तर माझं बोट वर झालं होतं. कणगीकडे.

मी तिथंच खाली बसले आणि तिच्यासमोर मोठ्यानं रडले. ती घाबरली बिचारी.