घर सुनेला, शिडी मुलाला

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवत आहे. शुद्धीचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे चिरंजीव सहा महिने सगळ्यांना उलटं सांगत फिरत आहेत.

१. आजाराची हकीकत आधी. लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, वयाचं असतं. माझी पुडी घ्या." दोन वर्षं पुड्या घेतल्या. तो प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. उरलेल्या पुड्या मेहुण्यास परत. त्याने त्या स्वतः खाव्यात.

२. पुढे डोकं ठणकू लागलं, एकाचे दोन दिसू लागले. औषधाच्या दुकानाच्या पाटीवर मी एकच काना दोनदा काढला. मुलाने लगेच निदान केलं, "म्हातारा सटकला," आणि घराचे कागद सहीला पुढे केले. सुनेने मात्र विचारलं, "बाबा, हा दिवा तुम्हाला एक दिसतो की दोन?" दोन म्हणताच तिने मला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर मेंदूच्या आवरणात पसरलाय, आत दोन गाठीही आहेत. असं क्वचित होतं." म्हटलं, वा! पहिल्यांदाच काही दुर्मिळ माझ्या वाट्याला आलं.

३. सदर राहतं घर, दोन खोल्या व पुढचा ओटा, एकट्या सुनेच्या नावे. नवऱ्याला तिथे राहू द्यायचं की नाही, ते तिने ठरवावं.

४. शिडी मुलास. तिच्या दुसऱ्या पायरीवर तो कधी चढला नाही. खाली उभं राहून बापाच्या चुका मात्र मोजल्या.

५. ब्रश सुनेने ठेवावेत. समोरच्या फ्लेक्सवाल्याने मागितले तरी देऊ नयेत. त्याला ते धरताही येणार नाहीत.

६. मी गेल्यावर मेहुण्याने भाषण करू नये. चार शब्द बोलतो म्हणाला, तर त्याला बाहेर काढावं.

हे वाचून दाखवलं तेव्हा सून रडली. म्हणाली, "नको बाबा, हे सगळे माझ्याशी भांडतील."

"भांडू देत," मी म्हणालो. "तू कडी लावून आत बस."

साक्षीदार: तपासणारे डॉक्टर, शेजारचा शिंपी
सही: पाट्या रंगवणारा
स्थळ: खिडकीजवळची खाट
दिनांक: पाच तारीख, सोमवार, सकाळ