माहेरच्या यादीतलं नाव

प्रिय भटू,

तुझ्या घरापासून चार गल्ल्यांवर बसून मी तुला पत्र लिहितेय. हस हवं तर. फोन तू उचलत नाहीस, दारात आले की मागच्या दाराने शेतात निघून जातोस, आणि रत्नाबरोबर निरोप पाठवला तर तिलाच दटावतोस की मधे पडू नको. मग राहिलं काय? आयुष्यभर कागदच काळे केलेत, त्यात आणखी एक. गुरुवारी सरपंचपदाचे अर्ज भरायची मुदत संपते. मी अर्ज भरणार आहे हे तुला माहीत आहे, आणि तुला ते नको आहे हे मला माहीत आहे. भाऊबीजेपासून आपण दोघं त्यावरच अडून बसलोय. पण तुझी समजूत घालायला हे पत्र नाही. कशाला लिहितेय ते शेवटी सांगते, कारण आधी सांगितलं तर पुढचं तू वाचणार नाहीस. तुझी खोड मला लहानपणापासून ठाऊक आहे.

सकाळपासून घरात पाय टिकत नाही. दोन खोल्यांत माणूस फिरून फिरून फिरणार किती? पुस्तकांचं एक खोकं उघडलं, फडताळात लावली, मनाला येईना म्हणून परत खोक्यात भरली. डाळ दोनदा करपवली. शेजारची मंदाबाई कापूस वेचून, येताना पाणी घेऊन आली तेव्हा दारातून म्हणाली, मॅडम, तुम्हाला काही हरवलंय का? मी हो म्हटलं. ती बिचारी घागर तशीच खाली ठेवून शोधू लागायला आत आली. आता तिला काय सांगू?

नोकरीत असताना असं होत नसे. तास असायचे, परीक्षा असायच्या, मुलं असायची. तीस वर्षं धुळ्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, पंचायत राज तर इतक्यांदा शिकवलं की झोपेतही बोलले असते. पण त्या कॉलेजात मी पोचले कुणामुळे, हे मी विसरलेय असं तुला वाटतं ना? नाही विसरले. आबांनी मला धुळ्याला शिकायला ठेवलं, तेव्हा दहावी होऊन तू शेतात उतरलास. शिकायचं तुलाही होतं. आबा म्हणाले, दोघांना जमणार नाही, आणि तू जरासुद्धा तोंड वाकडं केलं नाहीस. दर सोमवारी पहाटेच्या एसटीने माझा आठवड्याचा डबा घेऊन यायचास, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, तिळाची चटणी, आणि होस्टेलच्या फाटकावर ताटकळत उभा राहायचास. एकदा मी मैत्रिणींसमोर तुला ओळख दाखवली नाही असं तू नंतर आईला सांगितलंस. ते साफ खोटं होतं, मला चष्मा लागायचा होता तेव्हा. यावर आपण पन्नासदा भांडलोय, एकावन्नावं नको.

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला जळगावला विद्यापीठात तू नवा शर्ट घालून आला होतास. शेवटच्या रांगेत बसलास, आणि बाहेरून आलेले परीक्षक मला ग्रामसभेवर प्रश्न विचारत होते तेव्हा चक्क घोरलास. तरी गावात येऊन तूच सांगत सुटलास की अक्का डॉक्टर व्हयनी. त्या वर्षी आखाजीच्या सणाला मी माहेरी आले तर ओट्यावर लोक ताप-खोकला घेऊन रांगेत बसलेले. तू मजेत होतास, आणि मी एकेकाला समजावत होते की मी त्यातली डॉक्टर नाही. तुझे दाजी, प्रेमराज, तर हसून हसून बेजार झाले होते. ते गेल्यापासून असं हसणारं घरात कुणी नाही.

मग ती सरकारी समिती आली. ग्रामसभा बळकट कशी करावी यावर राज्यभर फिरून अहवाल द्यायचा होता, आणि सदस्यांत माझं नाव होतं. पेपरात फोटो आला तो तू कापून तुझ्या बी-बियाणांच्या दुकानाच्या काउंटरवर काचेखाली लावलास. अडीच वर्षं मी फिरले. धरणगावपासून पार गडचिरोलीपर्यंत, सरकारी गाडी, सर्किट हाऊसचा चहा, समोर सरपंच, सदस्य, ग्रामसेवक. एक अख्खं प्रकरण मी सरपंचपतींवर लिहिलं, म्हणजे खुर्ची बायकोची आणि कारभार नवऱ्याचा. तू फोन करून विचारलंस, अक्का, माझं नाव टाकलंय का? मी म्हटलं, तुझ्यासारखे इतके भेटले की नावं टाकायला पानं पुरली नाहीत. तू हसलास, पण तुझी रत्ना त्या वेळी सरपंच होती आणि शिक्का तुझ्या खिशात होता, हे आपल्याला दोघांनाही माहीत होतं.

अहवाल मंत्रालयात वाजतगाजत स्वीकारला गेला. मंत्र्यांनी पुष्पगुच्छ दिला, टीव्हीवाल्यांनी बोलावलं, मी बोलले. पुढे काही नाही. एका शिफारशीचंसुद्धा काही झालं नाही. चौकशी केली की साहेब सांगत, मॅडम, विचाराधीन आहे. याच काळात मी निवृत्त झाले आणि धुळ्याच्या घरात माझी चिडचिड सुरू झाली. कुठल्या तरी वाहिनीवर निवडणुकांचे अंदाज सांगायचे, लोकांनी आपण म्हटल्याच्या उलट मतं दिली की पुन्हा त्याचं कारण सांगायचं. स्वतःचाच आवाज ऐकून मला कंटाळा यायला लागला.

आणि मग गेल्या सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. मी दोन दिवस तुझ्याकडे आले होते, सहज म्हणून बसले. आधीची सभा माणसं जमली नाहीत म्हणून तहकूब झाली होती, आणि तहकूब सभेला मग कितीही कमी माणसं चालतात. ही चलाखी तू अनेक वर्षं करतोस, मी तुला कधी बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र राहवलं नाही. नळयोजनेची पाइपलाइन नाल्याच्या अलीकडेच का थांबली, पलीकडच्या नव्या वस्तीला पाणी का नाही, एवढंच मी उठून विचारलं. तू माइक हातात घेऊन, सगळ्यांसमोर, अगदी प्रेमाने म्हणालास, "अक्का, तू पाहुनी शे. तुनं नाव यादीमा नही."

लोक हसले. मीही हसले. अरे, काय करणार? तू बरोबरच बोललास. ग्रामसभेत बोलायचा हक्क गावच्या मतदाराचा, आणि माझं नाव धुळ्याच्या यादीत. हा नियम मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलाय. माझ्याच शास्त्राने तू मला खाली बसवलंस. घरी आल्यावर तू रत्नाला माझ्यासाठी पुरणाचे मांडे करायला लावलेस, आग्रह करकरून वाढलंस, आणि मी अर्धा मांडा ताटात तसाच ठेवून हात धुतला. तुझ्या ते लक्षातही आलं नाही. तू मला दुखवायला बोलला नव्हतास, भटू, तेच मला जास्त लागलं. तुला ते इतकं साधं वाटलं होतं.

आखाजीला गाव आम्हा लेकींना डोक्यावर घेतं. झोके बांधतात, गाणी म्हणायला लावतात, आंब्याचा रस वाटीत रिकामा होऊ देत नाहीत. चार दिवस सगळा गाव आमचा. पाचव्या दिवशी पिशवी भरून एसटीत बसवून देतात आणि एसटी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवतात. मी साठी ओलांडली तरी त्या हात हलवणाऱ्यांकडे बघून माझे डोळे भरायचे. यंदा मी एसटीत बसलेच नाही. नव्या वस्तीत या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, मतदार यादीतलं नाव इथे आणलं. भावाचं एवढं घर असताना बहीण भाड्याने राहते म्हणून तुझं तोंड महिनाभर उतरलेलं होतं. "तुले काय कमी शे?" असं तू विचारलंस, आणि खरंच काही कमी नव्हतं. पण तुझ्या घरात राहिले असते तर मी तुझ्या घरची राहिले असते. मला गावची व्हायचं होतं. आता रोज सकाळी नाला ओलांडून दोन हंडे आणते. कंबर धरते. समितीत असताना या पाण्यावर मी फार सुंदर परिच्छेद लिहिला होता, आता तो वाचवत नाही.

भाऊबीजेला मी ओवाळून झाल्यावर सांगितलं की सरपंचपद या वेळी महिलांसाठी आहे आणि मी उभी राहतेय. चूक झाली, निदान तुझं जेवण होऊ द्यायला हवं होतं. तू ताटावरून उठलास. त्याआधीच मंदिरात बसून तुम्ही निवडणूक बिनविरोध करायचं ठरवलं होतं, तुझ्या पॅनलमधल्या लीलाधरच्या बायकोचं नाव पक्कं केलं होतं, आणि शब्द तू दिला होतास. पंधरा वर्षं तुझा शब्द या गावात मोडला नाही. तो तुझीच बहीण मोडणार, मग "बठ्ठा गाव हासी" असं तू म्हणालास. खरं आहे, हसेल. तुझं दुःख मला कळतं, आणि मी हट्ट सोडणार नाही हेही तितकंच खरं आहे. लीलाधरची बायको चांगली आहे. पण तिला विचारलं कुणी? परवा पिठाच्या गिरणीत भेटली तर मलाच म्हणाली, ताई, सरपंचाला नेमकं काय करायचं असतं? सगळ्यांचं एकमत झालं म्हणता, त्यात तिचंसुद्धा मत नव्हतं.

तुझ्या डोक्यात आणखी एक आहे, तेही बोलून टाकते. म्हातारपणी अक्काला खुर्चीची हाव सुटली, असं तू तुझ्या दोस्ताकडे, कौतिककडे म्हणालास. गावात गोष्ट लपते का? दोन दिवस मला राग होता. मग वाटलं, असेलही थोडी. लोकांनी काय करावं हे जन्मभर सांगत आले, एकदा स्वतः करून बघावंसं वाटलं तर त्याला हाव म्हण. आणि भीती म्हणशील तर ती तुझ्यापेक्षा मला जास्त आहे. टीव्हीवर दिसणारी बाई स्वतःच्या माहेरी पडली, अनामतही गेली, तर धुळ्याच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर तोच विषय असेल. माझ्याच अंदाजाने मी पडते आहे. लीलाधरची भाऊबंदकी मोठी, तुझं पॅनल मजबूत, माझ्याकडे ही वस्ती आणि गावातल्या चारदोन सुना. तरी उभी राहणार.

काल दुपारी रत्ना आली होती. चहा घेतला नाही, बसलीही नाही. अर्जावर सूचक लागतो, म्हणजे गावातल्या एका मतदाराने हे नाव मी सुचवतो म्हणून सही करायची, हे तिला माहीत होतं. सरपंच होती ना ती. पदराखालून पेन काढून म्हणाली, "अक्का, पाच वर्षं ते सांगतील तिथे सही केली. एक माझ्या मनाची करू द्या." भटू, माझ्या सगळ्या अहवालात असं एक वाक्य नाही. मी तिला जवळ घेतलं आणि सही करू दिली नाही. तिला राग आला, पेन परत खोवून तशीच गेली. संध्याकाळी तुझ्या भाजीत मीठ जास्त पडलं असेल तर ते माझ्यामुळे.

तिला का थांबवलं ते सांगते, त्यासाठीच हे पत्र आहे. अर्ज मी शिंदखेड्याला ऑनलाइन भरून, छापून आणलाय, सोबत जोडलाय. सूचकाच्या जागी मी तुझं नाव टाकलंय, तुला न विचारता. सही तेवढी राहिली आहे. मत तू लीलाधरच्या बायकोला दे. तिच्यासाठी गल्लोगल्ली फिर, माझ्याविरुद्ध सभा घे, मला पाड. सूचक मत देत नाही, शब्दही मोडत नाही. तो एवढंच म्हणतो की ही बाई आपल्या गावची आहे, हिला उभं राहू द्या. हे दुसरं कुणीही म्हटलं तर माझा अर्ज पुरा होईल, पण मला ते तुझ्याकडून हवंय. आबा गेल्यावर रजिस्ट्रारकडे आपण जमिनीचं हक्कसोडपत्र केलं, आठवतं? तुझं नाव आणि माझं नाव एका कागदावर आलं ते तेवढ्यापुरतं, माझं नाव गावातून काढण्यापुरतं. जमीन मला तेव्हाही नको होती, आजही नको. पण त्या दिवशी अंगठ्याची शाई पुसताना तू म्हणालास, झालं, सुटली अक्का. मी सुटले नव्हते रे. आता दुसऱ्यांदा आपली नावं एका कागदावर आली आहेत. उद्या सकाळी रत्नाच्या हाती अर्ज परत पाठव. सही करायची नसेल तर तसाच पाठव, मी सूचक म्हणून तिचं नाव घालून दुसरा भरीन. पण हा फाडू नकोस. मला ठेवायचा आहे.

तुझीच,
अक्का