तक्रार पूर्ण, गळती चालू

हडपसर, पुणे
रविवार

मामाजी,

मी फोन आपटला नव्हता, ठेवला होता. आणि 'हातात घेतलं ते अर्धवट टाकते' हे तर मी आठवीत शाळा सोडली तेव्हापासून ऐकून राहिलो. पण यावेळी तुमचं खरं निघालं, म्हणून लिहायले बसलो. (फोनवर कबूल केलं तर तुमच्या गांधीबागेतल्या दुकानातले सगळे नोकर ऐकतात.) आधी तुमच्या आणि मामीच्या पायावर डोकं ठेवतो, मग पुढचं. धंतोलीच्या डॉक्टरचं औषध मामीच्या गुडघ्याले लागू पडलं का?

आमच्याकडे एसी दुरुस्त केला की मोबाईलवर चार इंग्रजी बटनांपैकी एक दाबा लागते: क्लोज्ड, रिझॉल्व्हड, कम्प्लिटेड, सेटल्ड. मले चारही सारखेच, संपलं म्हणजे संपलं. सुपरवायझरनं समजावलं. घराले कुलूप असलं तर क्लोज्ड, बिघाड गेला तर रिझॉल्व्हड, बिघाड जाऊन बिल, सही सगळं झालं तर कम्प्लिटेड, आणि गिऱ्हाईक भांडलं म्हणून पैसे कमी केले तर सेटल्ड. (माझे सेटल्ड जास्त निघतात, हे मामीले सांगू नका.)

गेल्या आठवड्यात एका बाईंनी माझं नाव सांगून मलेच बोलावलं. वाटलं, पुण्यात नाव झालं आपलं. एसीतून पाणी गळून राहिलं होतं. त्यांनी चहा दिला, पोहे दिले. शिक्षण, पगार, दारू घेतो का, सगळं विचारलं. एसीबद्दल अक्षर नाही. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. खाली दोस्त गाडी चालू करून उभा होता, शिडी लावायचा कंटाळा आला. मी गळतीखाली त्यांचीच बादली ठेवली आणि बटन निवडत बसलो. दार उघडं होतं, म्हणून क्लोज्ड नाही. पाणी डोळ्यादेखत पडत होतं, म्हणून रिझॉल्व्हडची लाज वाटली. भांडण झालं नव्हतं. शेवटी कम्प्लिटेड दाबलं. चहा-पोहे तरी पूर्ण झाले होते.

त्या बाई उमरेडच्या महादेवरावांच्या साळी निघाल्या, गोपिकामावशी. म्हणजे तुम्ही महादेवरावांच्या ज्या पोरीशी माझी सोयरीक लावून राहिले, त्या धनश्रीची सख्खी मावशी. पोराची चौकशी करायलेच तक्रार नोंदवली होती. तुम्ही 'पोरगा कामाचा पक्का आहे' म्हणून शब्द दिला, आणि तिकडे बादलीचा फोटो पोचला. माझ्यापायी तुमची मान खाली गेली, हे मले जेवू देत नाही.

आज सुट्टी होती, आपणहून गेलो. पाइपात कचरा अडकला होता, काढला. (एवढंसंच काम होतं, त्याची जास्त लाज वाटली.) मावशी समोर खुर्ची टाकून पाहून राहिल्या होत्या. म्हटलं, "मावशी, आता कोणतं बटन दाबू, तुम्हीच सांगा."

"घाई काहून करतो रे बापा? दोन दिवस पाहू दे, थेंब पडते का."

चहाचं विचारलं नाही.

तुमचा भाचा,
श्रावण

ता. क. महादेवरावांचा नकार आला नसेल, तर तुम्ही रागानं तुमच्याकडून मोडू नका.

आणखी ता. क. 'पोरगी काही खास नाही, तुमच्यासाठी हो म्हटलं' असं मी बोललो, ते खोटं आहे. बादलीचा फोटो पाहून तिनं मले मेसेज केला, "भरली की कळवा." तेव्हापासून रोज रात्री तोच काढून वाचून राहिलो. साक्षगंधाचा हॉल सोडू नका, मामाजी, तारीख फक्त पुढे ढकला. हॉलवाला त्याचे जास्तीचे मागेल, म्हणून पाठवून राहिलो, रुपये साडेतीन हजार.