अण्णांच्या गाडीचे ब्रेक

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

बाहेर सगळे आयुधपूजा म्हणतात, आमच्या घरात मात्र अजून खंडेनवमीच. सकाळी अण्णांनी तलवार काढली. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, त्यांची. लग्न होऊन साताऱ्याहून आले त्या वर्षी सासऱ्यांच्या मांडीवर उघडी तलवार बघून माझं पाणी पाणी झालं होतं. आता फडकं मीच हातात देते. आधी तिळाचं तेल, पात्याच्या टोकापर्यंत, मग कुंकू. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले, पण हात जरा हलत नाही.

मग गाडी. नवऱ्याने, म्हणजे श्रीने, मागच्या महिन्यात हौसेने नवी जाळीदार चाकं बसवून घेतली. आतली ब्रेकची डिस्क आता बाहेरून दिसते. अण्णा तेलकुंकवाची वाटी घेऊन पुढच्या दोन चाकांशी बराच वेळ बसले होते. "किती लखलखतंय, नोडु, बघ!" मी कोहळ्यात अडकलेले. झेंडू, केळीचे खुंट, चाकांखाली लिंबं. अग्रहार मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे फुटलेले कोहळे.

अण्णांचा म्हैसूरपाक जरा जास्त खाऊन झाला. माझाही.

३ ऑक्टो., शुक्र.

वाईट दिवस.

तिघे बाजारात निघालो. अण्णा चालवत होते, श्री शेजारी, मी मागे. सर्कलजवळ पुढचा ऑटो थांबला. श्री ओरडला, "अण्णा, ब्रेक!" "दाबलाय रे!" गाडी कर्कश किंचाळली, उजवीकडे ओढली गेली आणि ऑटोला जाऊन टेकलीच. ऑटोवाला उतरला. "एन सार, ब्रेक इल्वा?" ब्रेक नाही का म्हणे. अण्णांनी हात जोडले. कुणाला लागलं नाही, नशीब. ऑटोच्या मागच्या पत्र्याला पोचा, तो भरून दिला.

घरी आल्यावर श्रीने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "पुरे आता, अण्णा. वय झालं."

अण्णा मोरीकडे वळले. पाय धुतले आणि खुर्चीत बसून उजव्या पावलाकडे बघत राहिले. मला बघवेना. आत जाऊन उगीच भांडी लावली.

४ ऑक्टो., शनि.

श्री म्हणतो भाऊबीजेला टॅक्सी करून देतो.

दर भाऊबीजेला अण्णा स्वतः गाडी चालवत बेट्टदपुरला जातात, आक्कांकडे. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून डोंगराच्या पायथ्याशी एकट्या राहतात. त्यांना पुढच्या सीटवर बसवून अण्णा डोंगराभोवती एक चक्कर मारून आणतात. आक्कांचं वर्षभराचं फिरणं तेवढंच. दोघं बोलायला लागली की जी मराठी निघते ती मला साताऱ्याच्या बाईला निम्मी कळते. जुने शब्द, मध्येच कन्नड, मध्येच हसणं. म्हैसुरात त्यांच्याशी तसं बोलणारं आता कुणी उरलं नाही. श्री तर वडिलांना उत्तरंही कन्नडमध्ये देतो.

अण्णा म्हणाले, "टॅक्सीवाला बाहेर हॉर्न मारत बसणार, आणि मी आत बहिणीशी बोलणार? बेडा, नकोच."

श्री: "मग जाऊ नका."

नंतर गॅलरीत एकटाच उभा होता. "वडील आहेत माझे, वैजू. मला काय हौस आहे?" हा माणूस रागावतो तेव्हा घाबरलेला असतो. वीस वर्षांच्या संसारात एवढं तरी कळलं.

६ ऑक्टो., सोम.

श्री पहाटे बंगळूरला गेला, शुक्रवारपर्यंत तिकडेच. किल्ली घेऊन गेला. दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये असते हे विसरला, की विसरल्यासारखं केलं, देव जाणे.

मी लॅबमध्ये आहे त्या नंजनगूडच्या कारखान्याची बस लवकर आली. तशीच गाडीत बसले. गल्लीतल्या गल्लीत पुढे-मागे करून बघितली. पेडल घट्ट लागतं, पण ब्रेक धरत नाही. तेच किंचाळणं, तीच उजवीकडची ओढ. माझा पाय तर अठ्ठ्याहत्तरचा नाही!

"अण्णा, तुमच्या पायाचं काही नाही. गाडीचंच आहे."

"हौदा? खरंच?" पेपरमधून डोकं वर केलं नाही. पण जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

७ ऑक्टो., मंगळ.

अर्धी रजा. मंजू मेकॅनिक येऊन हँडब्रेकवर रखडत रखडत गाडी गॅरेजला घेऊन गेला, मी मागून चालत. चाक उतरवलं. ब्रेक पॅड काळेकुट्ट, ओलसर, कडेला काहीतरी लाल. "एण्णे, मेडम! ब्रेकला तेल! कोण घातलं?"

मी डिस्कवर बोट फिरवून वास घेतला. तीळ.

खंडेनवमीची वाटी डोळ्यांसमोर आली. तलवारीच्या पात्याला लावतात तसंच त्यांनी डिस्कला लावलं होतं. इतकी वर्षं जुन्या पत्र्याच्या चाकांना बोट लागायचं, तेल आत पोचतच नव्हतं. या वर्षी जाळीतून सरळ आत.

अण्णांचा सगळा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपात गेला. ब्रेकच्याच कामावर. ज्याने दुसऱ्यांना तेलाचे हात ब्रेकला लावू दिले नाहीत तो माणूस स्वतः... श्रीला कळलं तर? परवा वय म्हणाला, आता डोकं म्हणेल. आणि मला स्वतःला काय वाटतं?

नको लिहायला.

ठरवलं, पॅड झिजले होते एवढंच घरी सांगायचं. मंजूलाही बजावलं. "सरी मेडम, बरं, मी कशाला बोलू?" म्हणजे गल्लीभर होणार.

पॅड बदलावेच लागणार. तेल प्यायलेला पॅड धुऊन उपयोग नसतो म्हणे.

८ ऑक्टो., बुध.

माझा बेत चहा होईपर्यंतही टिकला नाही.

"झिजले? बरं. जुना पॅड दाखव," अण्णा म्हणाले.

पिशवीतून काढून दाखवावा लागला. खिडकीपाशी नेला, नखाने खरवडला, नाकाशी धरला. मग म्हणाले, "श्रीला फोन लाव." स्पीकरवर लावायला सांगितलं आणि मला उठूही दिलं नाही.

"श्री, ब्रेकला तेल मीच लावलंय. खंडेनवमीला."

तिकडून श्री, "अण्णा, तुम्ही? तुम्हाला माहीत नाही का..."

"सगळं माहीत आहे. चाळीस वर्षं लोकांना ओरडलो, तेल लांब ठेवा म्हणून. पण त्या दिवशी हात वर्कशॉपचे नव्हते रे. माझ्या वडिलांचे होते. तलवारीला लावलं तसं लावलं गेलं. विसरलो म्हण, चुकलो म्हण, ते तू ठरव. पण त्या दिवशी पाय वेळेवर पडला होता. तेवढं ऐक."

फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले. "माझ्यासाठी खोटं बोलायला निघालीस. सुम्ने, उगीच कशाला?" रागावले नव्हते, उलट हसत होते.

ज्या गोष्टीने किल्ली कायमची जायची तीच स्वतःहून सांगून टाकली. अशा माणसाची सून आहे याचा आज अभिमान वाटला.

११ ऑक्टो., शनि.

श्री आला. घरात दोघेही जपून बोलतायत. पॅड आणायला ऑटोने तिघे गेलो.

दुकानदाराने तीन खोके मांडले. एक सिरॅमिकचे: आवाज नाही, काळी धूळ नाही, नवी चाकं चकचकीत राहतील. श्री लगेच, "हेच द्या." दुसरे कडक, घाटातल्या गाड्यांसाठी. तिसरे कंपनीचे, गाडीबरोबर येतात तसलेच, दिसायला अगदी साधे.

अण्णांनी चष्मा बदलला. मग जे सुरू झालं ते बघत राहावं असं. एकेक पॅड काचेवर उपडा ठेवून पत्रा सपाट आहे का ते बघितलं. पत्र्याला घर्षणाचा मसाला सगळीकडे सारखा चिकटलाय का, कडा सुटलीय का, ते अंगठ्याने चाचपलं. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईसुद्धा एवढं निरखत नाहीत! दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच टॉर्च धरून उभा राहिला.

कडक पॅड बाजूला ठेवले. "हे तापल्यावर चांगले धरणार. सकाळी गल्लीतून निघताना गाय आडवी आली तर?"

मग विचारलं, "संपत आला की कळणार कसं?"

दुकानदाराने कंपनीच्या पॅडच्या कडेची वाकडी लोखंडी पट्टी दाखवली. पॅड पातळ झाला की ती डिस्कला घासते आणि चाक ओरडायला लागतं. सिरॅमिकवाल्याला तसली पट्टी नव्हती.

"गुपचूप संपणारा नको. ओरडणारा दे."

"चाकांवर धूळ बसेल, अण्णा," श्री म्हणाला.

"पुसू की."

येताना ऑटोत म्हणाले, "पायाला पण असली एक पट्टी बसवून मिळाली तर बरं होतं." मी हसले. श्री हसला नाही.

१२ ऑक्टो., रवि.

मंजूने पॅड बसवले. डिस्क औषध मारून पुसल्या. अण्णा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. "माझे हात नकोत तिथे." मंजू इतका लाजला की मला त्याचंच वाईट वाटलं.

नवे पॅड लगेच भरवशाचे नसतात, डिस्कवर बसावे लागतात. ते कुणी करायचं? श्रीने किल्ली डॅशबोर्डवर ठेवली. नंजनगूडच्या रस्त्याला मोकळा टापू बघून अण्णांनी सुरुवात केली. वेग घ्यायचा, हलका दाब द्यायचा, चालण्याइतक्या गतीवर आणायचं, पण थांबायचं नाही. सोडायचं. चाकांना वारा लागू द्यायचा. परत तेच. दर वेळी दाब तोच. मागे बसून डोळे मिटले तर कधी ब्रेक लागला ते कळतही नव्हतं. लॅबमध्ये एवढा सारखा हात मी मशीनचा बघितलाय, माणसाचा नाही.

श्री आधी वरचं हँडल घट्ट धरून बसला होता. थोड्या वेळाने बघते तर मान कलंडलेली. माझा घाबरट नवरा, वडील ब्रेक तपासत असताना, चक्क घोरत होता!

अण्णांनी आरशातून मला खूण केली, उठवू नकोस.

जागा झाल्यावर विचारतो, "पोचलो?"

"कुठे पोचायचं होतं?"

१९ ऑक्टो., रवि.

फराळाचं उरकलं. चकल्या मऊ. जाऊ दे.

श्री स्वतःहून म्हणाला, "भाऊबीजेला न्या गाडी. पण वैजू बरोबर पाहिजे."

अण्णा "सरी" एवढंच म्हणाले. संध्याकाळी गाडी पुसताना शीळ वाजवत होते.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा

ओवाळून झाल्यावर अण्णांनी मला अंगणात बोलावलं. गाडीशी उभे होते.

"वैजू, ती ओरडणारी पट्टी आहे ना, ती तू व्हायचं."

कळलं नाही असं दाखवलं. कळलं होतं.

"श्री नको. तो काही नसतानाही ओरडतो. मला स्वतःला कळायचं नाही. पॅडला कुठे कळतं तो पातळ झालाय ते? तू शेजारी बसणार. तुला वाटलं की सांगायचं. एकदाच सांग. का, कसं, मी विचारणार नाही. किल्ली तुझ्या हातात देईन."

"अण्णा, असं काय बोलता सणाच्या दिवशी?"

"हो म्हण."

हो म्हटलं. म्हणताना सोपं वाटलं.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज. बेट्टदपुर

आक्कांच्या ओसरीवर बसून लिहितेय.

सकाळी निघालो. काय चालवतात! खड्डा लांबूनच ओळखतात, बस मागे लागली की शांतपणे वाट देतात, समोरचा चुकला तरी तोंडातून वाकडा शब्द नाही. नवे ब्रेक लोण्यासारखे. मी शेजारी बसून गप्पा मारायचं सोडून त्यांचा उजवा पायच बघत होते. नंतर स्वतःचीच लाज वाटून खिडकीबाहेर बघायला लागले.

पेरियापट्टणच्या अलीकडे एक शेळी आडवी आली. गाडी सरळ रेषेत, आवाज न करता थांबली. शेळी गेली. अण्णा खूश होऊन म्हणाले, "बघितलंस? काय धरतात!"

धरले खरे. पण माझा पाय आधीच खाली गच्च दाबला गेला होता. त्यांचा नंतर पडला. की बरोबरच पडला? शेजारी बसणाऱ्याचा पाय नेहमीच आधी पडतो, श्रीचाही पडतो. की कालपासून मी फक्त तेच शोधतेय? शेळीपासून अंतर भरपूर राहिलं होतं. बऱ्यापैकी होतं.

आक्कांनी ओवाळलं. दोघं हसत होती, मला निम्मंच कळत होतं. मग अण्णांनी त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं, दारात अडकलेला पदर सोडवला, पट्टा लावला. आक्का म्हणाल्या, "तम्मा, निधान." म्हणजे धाकट्या भावा, सावकाश.

"नवे ब्रेक आहेत, आक्का. वैजूला विचार."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. अण्णा हसत होते, पण नजर हटवत नव्हते.

मी म्हटलं, "या जाऊन." मागच्या सीटवर बसू शकले असते. नाही बसले. त्या दोघांच्या बोलण्यात कशाला, असं स्वतःला सांगितलं.

गाडी डोंगराच्या वळणाआड गेली. संध्याकाळी परत निघायचं आहे, किल्ली कुणाच्या हातात असेल ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लिहिताना कान रस्त्याकडे आहेत.